कोपऱ्यातला कावळा आणि अडीच पानांचं टिपण

भिंतीवर एक चौकोनी फोटो. त्यात जवळपास सगळं आभाळ, तेही पांढरंफटक, आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक कावळा. बाकी काही नाही. बाकीचं सगळं शेजारच्या पुठ्ठ्यावर. अडीच पानांचं टिपण! त्यात ‘अवकाश’ आहे, ‘स्पंदन’ आहे, ‘स्व’चा शोध आहे, ‘गतीतून अंतर्परिवर्तनाकडे’ झालेला प्रवास आहे आणि शेवटी प्रायोजकांचे आभार आहेत. कावळ्याचे आभार नाहीत. वास्तविक कामावर हजर राहिलेला तेवढा एकच.

मुंबई-पुण्याकडे अशा एकल छायाचित्र प्रदर्शनांना सध्या बरे दिवस आले आहेत. फोटो मिनिमलिस्ट, विषय गती आणि आतला बदल, उद्घाटक कुणीतरी दाढीवाले. मुंबईतलं जहांगीर कलादालन 1952 पासून उभं आहे आणि तिथली तारीख मिळवायला वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. त्यामुळे कलावंताचं निम्मं अंतर्परिवर्तन रांगेतच उरकतं. आत थंडगार हवा, दबकी पावलं आणि प्रत्येक पाहुण्याच्या तोंडावर तोच भाव. आपल्याला कळलं नाही हे समोरच्याला कळू नये, असा. फोटोपुढे किती वेळ थांबायचं याचेही अलिखित नियम आहेत. लगेच पुढे सरकलात तर अडाणी, फार थांबलात तर गिऱ्हाईक.

थोडक्यात दाखवण्याला माझा विरोध नाही. उलट कमी दाखवायचं तर जास्त पाहावं लागतं, आणि जास्त पाहणारा माणूस मला आवडतो. माझं भांडण टिपणाशी. कारण फोटोतून काढून टाकलेलं सगळं सामान तिथं परत आणून रचलेलं असतं, आणि त्याचं भाडं बघणाऱ्यानं भरायचं असतं.

हे बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरातून लिहितोय, म्हणून आधी आमच्याकडची फोटोग्राफी सांगतो. मेहकरात फोटो म्हणजे स्टुडिओ आणि स्टुडिओत मंत्र एकच: हलू नका. मागं पडदा, समोर स्टूल, बाजूला दोन छत्र्यांचे दिवे. ‘हनुवटी जरा खाली. एवढी नाही. खांदे सैल सोडा. डोळे उघडा. आता हलू नका.’ स्टुलावरचा माणूस श्वास कोंडून बसतो. लग्नाला उभी मुलगी असो की निराधार योजनेच्या अर्जाला फोटो हवा असलेली आजी, या क्षणी दोघींचा चेहरा सारखाच होतो. पिढ्यान्पिढ्या हा तालुका न हलता फोटो काढत आला आहे. फोटो हललाच तर स्टुडिओवाला ओशाळून दुसरा काढून द्यायचा, त्याचे पैसे घ्यायचा नाही.

आता तोच हललेला फोटो चौकटीत बसून भिंतीवर चढला आहे. युक्ती सोपी आहे. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकं उघडलं तर धावतं वासरू हवेत गोठतं. पंधराव्या भागाइतकं उघडं ठेवून कॅमेरा मुद्दाम हिसडला तर उभं झाड वरखाली ओढलं जाऊन हिरव्या दोऱ्या होतात. भिंगापुढे काळी काच लावून अर्धा मिनिट उघडं ठेवलं तर खवळलेला समुद्र दुधाच्या सायीसारखा निपचित पडतो. हे खोटं नाही. हात बसायला वेळ लागतो आणि दहातला एखादा फोटो खरोखर छान येतो. पण उरलेले नऊही लावतात. एका स्टुडिओवाल्याला मोबाइलवर असले दोन-चार नमुने दाखवले. त्यानं चष्मा कपाळावर सरकवून निरखून पाहिले आणि म्हणाला, ‘भाऊ, असे तं माह्याकडं गठ्ठाभर पडेल हायेत. गिऱ्हाईकांनी परत केलेले.’ मी म्हणालो, यांची किंमत हजारांत असते. त्यानं चष्मा पुन्हा नाकावर घेतला. ‘मंग फेकत नाही आता.’

खरं तर चालत्या जगाची आणि कॅमेऱ्याची खटपट फार जुनी. 1838 साली पॅरिसमध्ये लुई दागेरनं उंच खिडकीतून एका गजबजलेल्या हमरस्त्याचा फोटो घेतला. चांदीचा मुलामा दिलेला पत्रा काही मिनिटं तरी उजेडात धरावा लागे. तेवढ्या वेळात घोडागाड्या आल्या, माणसं गेली, बायका गेल्या. पण चालत्या कुणाचाही ठसा त्यावर उमटला नाही. रस्ता ओसाड दिसतो. त्यात ओळखू येतो तो बूट पुसून घेण्यासाठी पाय वर करून एका जागी थांबलेला माणूस. फोटोत सापडलेला पहिला माणूस म्हणून तो आता जगभर ओळखला जातो, आणि त्यासाठी त्यानं केलं काय, तर चालायचं थांबला. तोच कॅमेरा मेहकरच्या बसस्थानकासमोर लावून पाहा. पारावरची मंडळी, टपरीवरची मंडळी, पेपरवाली मंडळी सगळी सुरेख उमटतील. पेपरातल्या बातम्याही वाचता येतील. फक्त एसटी दिसणार नाही. पण ती एरवी तरी कुठं दिसते?

गती आणि बदल या विषयावर मराठी माणसानं केलेलं सर्वांत चांगलं काम मात्र कुठल्याही कलादालनात झालं नाही. ते एका कुंडीत झालं. धुंडिराज गोविंद फाळके हे मूळ धंद्यानं छायाचित्रकार. गोध्र्याला त्यांचा स्टुडिओ होता. पुढे सिनेमाचं वेड लागलं, सिनेमे बघून आणि प्रयोग करून डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दिसेनासं झालं. 1912 साली लंडनहून कॅमेरा घेऊन आले. पण ‘राजा हरिश्चंद्रा’ला पैसा कुणी देईना. पडद्यावर हलणारी चित्रं हा माणूस बनवू शकतो, यावर भरवसाच नव्हता. तेव्हा फाळक्यांनी घरात एका कुंडीत वाटाणे पेरले, कॅमेरा तिच्यासमोर बसवला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडं थोडं टिपत राहिले. माती फुगली, कोंब वर आला, पानं सुटली, वेल वर चढला. सगळं एकापुढे एक लावून पडद्यावर टाकलं तेव्हा बघणाऱ्यांसमोर वाटाणा चालायला लागला. ‘अंकुराची वाढ’ असं सरळ नाव. ते पाहून ओळखीतल्यांनी कर्ज द्यायची तयारी दाखवली आणि 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात हिंदुस्थानी चित्रपटाचा जन्म झाला.

आता बघा. एक कुंडी, एक रोप, एक कॅमेरा. याहून कमी सामान काय असणार? गती आहे, आतला बदल तर अक्षरशः आतून आलेला आहे. आणि टिपण? नव्हतंच. फाळक्यांना सावकारापुढे उभं राहायचं होतं. सावकार ‘स्पंदना’वर कर्ज देत नाहीत. शिवाय त्या महिनाभरात एक दिवस कंटाळा करून चाललं नसतं. कॅमेरा बोटभर सरकला असता तर रोपानं पडद्यावर उडी मारली असती. कमीत कमी सामानाच्या फोटोत चूक लपवायला जागा नसते. गर्दीच्या फोटोत एखादा माणूस डोळे मिटून उभा असला तरी खपतो, इथे एका पानाची सावली चुकली तरी दिसते. शिस्त असेल तर ही आहे, आणि ती कॅमेऱ्याच्या मागं असते, भिंतीवर चिकटवता येत नाही.

दुसरं नाव नसरीन मोहमदी. जन्म 1937, कराचीचा. वाढल्या मुंबईत, लंडनला शिकल्या, पुढे बडोद्याच्या विद्यापीठात शिकवलं. कागदावर पेन्सिल आणि शाईच्या बारीक, सरळ, तिरप्या रेघा, एवढंच त्यांचं चित्र. आणि त्याच नजरेनं त्या फोटो काढत. रस्त्यावरचे रंगवलेले पट्टे, फत्तेपूर सिक्रीचा दगड, मागावर ताणलेले धागे, पाण्याची आणि वाळूची कड. माणूस जवळपास नाहीच. अलिबागजवळच्या किहीमला घरच्यांचा बंगला होता, तिथला समुद्र त्यांच्या कायम नजरेत. हे फोटो त्यांनी हयातीत एकदाही प्रदर्शनात मांडले नाहीत. कामाला बहुतेक वेळा नाव दिलं नाही, तारीखही घातली नाही. मिनिमलिस्ट छायाचित्रणाचं आपल्याकडचं मोठं नाव घ्यायचं तर या बाईंचं घ्यावं लागतं, आणि त्यांचं एकल छायाचित्र प्रदर्शन त्यांच्या डोळ्यांदेखत झालंच नाही!

त्यातही कठीण गोष्ट पुढे आहे. त्यांना मज्जासंस्थेचा असा आजार होता की, हळूहळू हालचालींवरचा ताबा सुटत जावा. हातापायांना जी गती नको होती ती येत होती आणि कागदावरची रेघ वर्षागणिक अधिक नेमकी होत होती. तिकडे शरीर हलतंय, इकडे रेघ जागची ढळत नाही. ‘गतीतून अंतर्परिवर्तन’ म्हणायचं तर याला म्हणावं, आणि म्हणायचीही गरज नाही. 1990 मध्ये किहीमलाच त्या गेल्या. 2016 साली न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयर या नव्या संग्रहालयाचे दरवाजे उघडले तेव्हा आत मोहमदींच्या कामाचं मोठं प्रदर्शन होतं. 

आता जरा हलकं बोलू. गती आणि अंतर्परिवर्तन या विषयावरचं महाराष्ट्रातलं सर्वांत भव्य सादरीकरण शिवसेनेच्या बंडखोर आमदारांनी जून 2022 मध्ये सुरतमार्गे गुवाहाटीला केलं. प्रवास खराखुरा, परिवर्तन रातोरात, आणि कॅमेऱ्यांची सोय उत्तम. त्यातली झाडी-डोंगर-हॉटेल ही चौकट पुढे घराघरांत पाठ झाली. त्यापुढे तुमच्या कावळ्याचं काय चालणार!

त्या परिवर्तनाचे पडसाद आमच्या भिंतींवर अजून आहेत. मेहकरातली भिंत म्हटली की तिचा मालक फ्लेक्स. वरच्या ओळीत महापुरुष, त्याखाली राज्यपातळीवरचे चेहरे, मधोमध गॉगल लावून कानाला मोबाइल धरलेला ‘भावी’, आणि तळाशी गोल गोल कापलेली शुभेच्छुक मुंडकी, मोजायला बसलात तर वाढदिवस निघून जाईल. जागा शिल्लक दिसली की फ्लेक्सवाला विचारतो, ‘इथं कोणाले टाकू?’ रिकामी जागा म्हणजे नाराज कार्यकर्ता, हा आमचा सौंदर्यविचार. पक्ष बदलला तर पूर्ण फ्लेक्स बदलत नाहीत, संगणकावर वरचं एक डोकं काढून दुसरं बसवतात. धड तेच, नमस्काराचे हात तेच. आतला बदल इतक्या कमी खर्चात दाखवणारं तंत्र मला तरी दुसरं माहीत नाही. याला मिनिमलिझमच म्हणायला पाहिजे.

म्हणून गावाला रिकाम्या जागेचं वावडं आहे, असं कुणी समजू नये. मेहकरची मंडळी कमी बोलण्यातले दर्दी. कवी ना. घ. देशपांडे याच गावात वकिली करत आयुष्यभर राहिले. त्यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन. जोशींच्या आवाजात तीसच्या दशकात ध्वनिमुद्रिकेवरून महाराष्ट्रभर घुमली. पुस्तकाला मात्र 1954 साल उजाडलं. कवी गावातून हलला नाही आणि गाणं कुठल्या कुठं जाऊन आलं. पुढे ‘खूणगाठी’ला 1986 मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, तेव्हाही पत्ता मेहकरचाच होता. पहिला फोटो काढल्यावर तिसऱ्या दिवशी प्रदर्शनाची जुळवाजुळव करणाऱ्यांनी हा हिशेब जरा डोळ्यांखालून घालावा.

बदल बघायची सवयही आम्हाला आहे. इथून जवळच लोणारचं सरोवर, बेसाल्टमध्ये उल्कापातानं पडलेल्या, काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटरच्या विवरातलं. जून 2020 मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं. टाळेबंदीतल्या लोकांनी मोबाइलवर फोटो काढून पाठवले आणि बाहेरगावच्यांनी आधी ‘रंग भरलाय’ असा आरोप केला. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं, पाण्याचे नमुने पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं तपासले. पाणी आटून खारटपणा वाढला की गुलाबी रंगद्रव्य असलेले मीठप्रेमी सूक्ष्मजीव फोफावतात, असं निघालं. पाऊस झाला, रंग गेला. एवढा मोठा बदल, तोही आतून, आणि सरोवरानं एक ओळ लिहून दिली नाही. शास्त्रज्ञांनी दिली, ती कामाची होती.

आणि गती? समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून जातो. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटर, मोटारीला ताशी 120 ची मुभा. पुलावर उभं राहून खाली बघा: सरळ पट्टी, दोन्ही बाजूंना सोयाबीन, वर आभाळ, लांब एक ठिपका. मिनिमलिस्टांना तिकडे परदेशात जाऊन जे शोधावं लागतं ते इथं टोल भरून मिळतं. ठिपका बघता बघता ट्रक होतो आणि निघून जातो. मेहकरला तो थांबत नाही, हा भाग वेगळा. उलट शेगावच्या गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना लोणारवरून आमच्याकडे येते, थांबते, मग जानेफळकडे निघते. शेकडो किलोमीटर पायी आलेल्या वारकऱ्याच्या तळपायाचा फोटो काढला कुणी? चेहऱ्याचे, पताकांचे, टाळांचे हजारो निघतात. भेगा पडलेला, धुळीनं पांढरा झालेला, टेकवलेला एक तळपाय, बस्स. गती त्यात आहे, आत काय बदललं ते ज्याचं त्याला विचारा. तो सांगेल किंवा ‘माउली’ म्हणून हसेल.

तेव्हा मुंबई-पुण्याच्या छायाचित्रकार मंडळींना मेहकरचं आमंत्रण. शारंगधर बालाजीच्या दर्शनाला रोज माणूस येतो; 1888 साली जमिनीतून निघालेली ती सुमारे अकरा फुटांची मूर्ती माणसाला मान वर करायला लावते, म्हणजे बघायची तयारी झालेलीच असते. बाहेर पडल्यावर त्याला तुमचे वीस फोटो बघू द्या. शीर्षकं नकोत, पुठ्ठा नको. आमचा माणूस जवळ येईल, बोट लावू नका म्हटलं तरी बोट लावेल आणि तोंडावर विचारेल, ‘ह्यात काय हाय बावा?’ तिथं तुम्हाला सांगता आलं पाहिजे, एका वाक्यात, तेही ‘अवकाश’ न म्हणता. सांगता आलं नाही आणि तरी तो दुसऱ्यांदा येऊन त्याच फोटोपुढे उभा राहिला, तर फोटो चांगला आहे. पाहणारा परत येतो का, यापेक्षा मोठी परीक्षा मला माहीत नाही.

अडचण एकच आहे. हे फोटो लावायचे कुठं? आमच्याकडे मंगल कार्यालयं आहेत, सभागृहं आहेत, पुतळे आहेत, चौकांना नावं आहेत. चित्र किंवा फोटो टांगता येईल अशी सार्वजनिक भिंत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत तीच रड. कलादालन म्हणजे मुंबई आणि पुणे, फार तर नागपूर, असा कायदाच झाल्यासारखा. खर्च तरी किती? एक खोली, चुना फासलेल्या चार भिंती, वर पट्टीचे दिवे, खिळ्यांऐवजी तारा. पावसाळ्यात गळणार नाही एवढं छत. स्टुडिओवाल्यांना वर्षातून एकदा स्वतःच्या मनाचे फोटो लावायला तीच खोली द्या. त्या गठ्ठ्यातले परत आलेले फोटोही मला बघायचे आहेत.

नगर परिषदेला त्यामुळे जाहीर विनंती: येत्या अंदाजपत्रकात एवढ्या एका खोलीची तरतूद करावी, तिला कुणाचंही नाव देऊ नये आणि उद्घाटनाचा फ्लेक्स लावू नये.